१ नोव्हेंबर १९५६: महाराष्ट्राच्या दिनविशेषात ही नोंद कशी करावी?

ग्रंथसखा

सर्वांना नमस्कार. उदगीरमधल्या एका वाचनालयात दर्शनी फलकावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. १ नोव्हेंबर आला की दरवर्षी माझी अडचण होते. हाताशी असलेल्या कोणत्याही दिनविशेषात या तारखेला कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश यांची स्थापना १९५६ ची, हरियाणाची १९६६ ची आणि छत्तीसगडची २००० ची म्हणून दिलेली असते. महाराष्ट्राच्या नावापुढे मात्र काहीच नसते. आपला दिवस १ मे, एवढे म्हणून विषय संपतो.

माझ्या गावापुरते सांगायचे तर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत उदगीर हा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातला तालुका होता. राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि दुसऱ्या दिवशी उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. खुद्द बिदर शहर म्हैसूर राज्यात गेले. ज्या गावी आमच्या वडीलधाऱ्यांचे कोर्टकचेरीचे खेटे होत होते, ते गाव परराज्यात गेले आणि जी मुंबई त्यांनी पाहिलीही नव्हती, ती राजधानी झाली. आमच्या भागाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी घटना १७ सप्टेंबर १९४८ खेरीज दुसरी नाही, आणि तिची नोंद कुठेही नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, महाराष्ट्राच्या इतिहासातील घटना म्हणून १ नोव्हेंबरची नोंद करावी का, आणि करायची असल्यास कोणत्या शब्दांत? जाणकारांनी आपापल्या भागाची माहिती द्यावी.

नागनदी

नोंद अवश्य करावी, पण त्यात नागपूरचे नाव राहून जाऊ देऊ नये. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळपर्यंत नागपूर ही एका मोठ्या राज्याची राजधानी होती. मध्य प्रांत १८६१ साली झाला तेव्हापासून नागपूरला राजधानीचा मान होता, १९३६ पासून येथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि येथल्या विधानसभेत मराठी व हिंदी भाषक आमदार एकत्र बसत होते. १ नोव्हेंबरला बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, राजधानी भोपाळला गेली, तिकडचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेवढे राहिले. नागपुरात बसून राज्य चालवणारे रविशंकर शुक्ल त्याच दिवशी भोपाळमध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले.

माझे आजोबा तेव्हा येथल्या सचिवालयात कारकून होते. कोण मुंबईला जाणार, कोण भोपाळला जाणार आणि कोण येथेच राहणार, याच्या याद्या निघत असत. आजोबांच्या टेबलाशेजारी बसणारे दोन सहकारी छत्तीसगडकडचे होते आणि त्यांचे नाव भोपाळच्या यादीत आले. पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार सेवाशर्तींना संरक्षण होते, तरी घर आणि मुलांच्या शाळा यांना ते कुठून असणार? आजोबा सांगत की, फायलींची विभागणी करताना कोणती फाइल कोणत्या राज्याची यावर एवढा खल होई की, एकाच प्रकरणाच्या दोन प्रती हाताने उतरवून एकेक प्रत दोन्हीकडे पाठवावी लागत असे. दिवाळी तोंडावर आलेली आणि माणसे गठ्ठे बांधत बसलेली, असे ते वर्णन करीत.

हुतात्मा_चौक

ग्रंथसखा यांची तळमळ मला समजते, परंतु या नोंदीला माझा विरोध आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जे राज्य अस्तित्वात आले ते महाराष्ट्र नव्हते. ते विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य होते, आणि ते मराठी माणसाने मागितलेले नव्हते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात गुजरात आणि मराठवाड्यासह द्वैभाषिक मुंबई व वेगळा विदर्भ असे सुचवले होते. पुढे महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशी तीन राज्ये करण्याचे त्रिराज्य सूत्र आले, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ रक्त सांडले होतेच. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. एवढे सगळे झाल्यावर ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने द्वैभाषिकाचा तोडगा काढला, तो आपल्याला नको होता आणि गुजरातलाही नको होता.

ज्या व्यवस्थेविरुद्ध संयुक्त महाराष्ट्र समिती साडेतीन वर्षे लढली, तिचा प्रारंभदिन आपण गौरवाने फलकावर लिहावा, हे मनाला पटत नाही. एकशे पाच जणांनी प्राण दिले ते १ मे साठी.

ग्रंथसखा

हुतात्मा_चौक, आपल्या भावनेचा मी मनापासून आदर करतो. परंतु मी गौरवाचा शब्द वापरलेला नाही. मी नोंदीचा प्रश्न विचारला आहे. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला, म्हणजे एका मोठ्या राज्यातून एक भाग बाहेर गेला. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र हे तीन भाग एका विधिमंडळाखाली आले ते त्याआधी साडेतीन वर्षे, म्हणजे १ नोव्हेंबरलाच. मराठवाड्यातल्या माणसाने १ मे ला स्वतःचे राज्य बदललेले पाहिले नाही, राज्याचे नाव बदललेले पाहिले.

तेरणाकाठ

ग्रंथसखा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मराठवाडा अटी न घालता आला, हेही फलकावर यावे.

नागनदी

तेरणाकाठ, विदर्भाच्या बाबतीत त्याच्या बरोबर उलटे आहे, म्हणून ते सांगणे भाग आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील अशा नेत्यांच्या सह्या होत्या आणि त्यात विदर्भाला नोकऱ्या, शिक्षण, विकासखर्च यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा व वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असे कबूल केले होते. तरीही बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी माणसे वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर ठाम होती आणि आयोगाने ती मागणी मान्यही केली होती. त्यामुळे आमच्याकडे १ नोव्हेंबरचा उल्लेख काढला की, आजही बैठकीत दोन तट पडतात. माझे स्वतःचे मत एकसंध महाराष्ट्राच्या बाजूचे आहे, पण नोंदीत दोन्ही बाजूंना जागा असावी.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो, जी पुष्कळांच्या ध्यानात नसते. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला. म्हणजे १ नोव्हेंबरच्या अठरा दिवस आधी. ती जागा त्या दिवशी प्रशासकीय दृष्ट्या मध्य प्रदेशात होती. दीक्षाभूमी मुंबई राज्यात आली ती त्यानंतर अडीच आठवड्यांनी.

शालिनी_कु

नागनदी, हे खरोखर कधी लक्षात आले नव्हते. उद्या वर्गात मुलांना सांगणार आहे.

मार्कंडेय

मी बेळगावचा. येथे १ नोव्हेंबरची आठवण करून द्यावी लागत नाही. सरकारी मैदानावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि लाल-पिवळे झेंडे असतात, आणि त्याच सकाळी मराठी भाषक काळ्या फिती लावून सायकल फेरीला निघतात. मी शाळेत असताना वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून त्या फेरीत गेलो आहे. दंडाला बांधलेली काळी पट्टी आईने जुन्या छत्रीच्या कापडातून फाडून शिवलेली असे. त्या दिवशी घरात गोड होत नसे. दिवाळी त्याच सुमारास आली तर फराळाचे डबे दुसऱ्या दिवशी उघडत.

मुंबई राज्यातून त्या दिवशी काय गेले, तेही फलकावर यावे अशी माझी विनंती आहे. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. हैदराबादकडून बिदर, भालकी गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, हल्याळ या भागांत मराठी बोलणारी गावेच्या गावे होती. महाराष्ट्राची मागणी सुरुवातीपासून एकच होती की, खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, भाषिक बहुमत पाहावे आणि लोकांची इच्छा विचारात घ्यावी. जिल्हा हा घटक धरला की, कडेची गावे नेहमीच चुकीच्या बाजूला पडतात.

सेनापती बापट यांनी १९६६ मध्ये वृद्धापकाळात उपोषण केले, तेव्हा महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, निपाणी व खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्यांनी काळी फीत पहिल्यांदा बांधली, त्यांच्यापैकी आमच्या गल्लीत आता कोणी उरलेले नाही.

सप्तापूर

मी धारवाडचा. आमचे घर कित्येक पिढ्यांपासून येथे आहे, घरात मराठी आणि अंगणापलीकडे कन्नड. मार्कंडेय यांच्या वेदनेचा मी कधीही अव्हेर करणार नाही, कारण माझी मावशी खानापुरात दिलेली आहे आणि तिच्या घरी मी हे सगळे पाहिले आहे. तरीही दुसरी बाजू येथे नोंदवली नाही, तर चर्चा अपुरी राहील.

कन्नड बोलणारे लोक १९५६ पूर्वी म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कुर्ग अशा पाच कारभारांत विखुरलेले होते. धारवाडच्या मुलाला वरच्या कोर्टासाठी मुंबईला जावे लागे आणि तेथे त्याची भाषा कोणाला कळत नसे. आलूर वेंकटराव यांच्यासारख्या माणसांनी एकीकरणाचा विचार मांडला तो याच धारवाडमधून. त्यांच्यासाठी १ नोव्हेंबर हा दिवस, संयुक्त महाराष्ट्रवाद्यांसाठी जसा १ मे, अगदी तसाच आहे. पुढे १९७३ मध्ये देवराज अर्स मुख्यमंत्री असताना म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, तेही मुद्दाम १ नोव्हेंबरलाच.

शिवाय अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारी गावे महाराष्ट्रात राहिली. महाजन आयोगाची २४७ गावे म्हणजे प्रामुख्याने तीच. खेडे हा घटक धरायचा तर तो दोन्ही बाजूंना धरावा लागेल.

मार्कंडेय

सप्तापूर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आणि महाराष्ट्रानेही ते तत्त्व दोन्ही बाजूंना लागू करायची तयारी दाखवली होती. माझी तक्रार कन्नड शेजाऱ्यांविषयी नाही. आमच्या वाड्यातले भाडेकरू कन्नड होते आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडव आम्ही घातला होता. माझी तक्रार ही आहे की, ज्या घटनादुरुस्तीने हा नकाशा आणला, तिनेच आम्हाला काही अभिवचनेही दिली होती. सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क आणि ३५०-ख ही कलमे आली, आणि तीही १ नोव्हेंबर १९५६ पासूनच अमलात आली. पहिल्यात अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी असे आहे, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला. असे असूनही एका कचेरीत माझ्या शेताच्या उताऱ्याची मराठी प्रत मागितली, तेव्हा मला मिळाली नाही आणि अर्जही कन्नडमध्ये लिहून आणा असे सांगण्यात आले. वयाच्या सत्तराव्या वर्षी माझ्या आईला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता. नकाशा बदलला तेव्हाच दिलेला शब्द जर पाळला गेला असता, तर काळ्या फितीची धार पुष्कळ बोथट झाली असती.

इतिहासवेडा

याच तारखेला १८५८ मध्ये अलाहाबादला लॉर्ड कॅनिंग यांनी राणीचा जाहीरनामा वाचला आणि कंपनीचा कारभार संपला. १९५४ मध्ये पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सने भारताकडे सोपवला तोही १ नोव्हेंबरलाच. फलकावर जागा असल्यास याही नोंदी घेता येतील.

ग्रंथसखा

इतिहासवेडा, आभार. त्या नोंदी देशाच्या रकान्यात आधीपासून आहेत. प्रश्न राज्याच्या रिकाम्या रकान्याचा आहे.

दस्तनोंदणी

मी दिवाणी वकिली करतो. १ नोव्हेंबर ही इतिहासजमा तारीख आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा महसुली न्यायाधिकरणात येऊन बसावे.

राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने असे ठरवले की, प्रदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तरी तेथे लागू असलेला कायदा आपोआप बदलत नाही, सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत तोच चालू राहतो. याचा परिणाम असा झाला की, महाराष्ट्रात आजही कूळकायदे तीन आहेत. कोल्हापूर, पुणे, नाशिक, कोकण येथे १९४८ चा मूळ मुंबई कायदा. विदर्भासाठी १९५८ मध्ये केलेला वेगळा कायदा. आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा. पश्चिम महाराष्ट्रातला वकील '३२-ग' हे कलम सांगतो, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा, म्हणजे कूळ जमिनीचे मालक मानले गेले त्या दिवसाचा, हिशेब करतो. लातूर किंवा परभणीचा वकील हैदराबाद कायद्याचे 'अडतीस-ई' हे कलम सांगतो आणि संरक्षित कुळांच्या यादीत नाव आहे का ते पाहतो. पुण्याहून गेलेला वकील नांदेडच्या प्रकरणात पहिल्याच तारखेला अडखळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. जमीन महसुलाचा एकच कायदा सर्व राज्याला मिळायला १९६६ चे वर्ष उजाडले आणि तो अमलात आला १५ ऑगस्ट १९६७ रोजी.

मराठवाड्यातील जुन्या हक्काचा पुरावा म्हणून आजही १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढावे लागते. त्याआधीचे कागद उर्दूत असतात, त्यांचे वाचन करून देणारी माणसे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाच्या समितीला हैदराबादला जावे लागले, तेही यामुळेच. राज्य बदलले, पण दप्तरे सगळी आली नाहीत.

म्हणून माझे मत असे आहे की, भावना बाजूला ठेवली तरी ही तारीख राज्याच्या कायदेशीर रचनेची पायाभूत तारीख आहे. १ मे १९६० च्या कायद्याने गुजरात बाहेर गेला. आतले तीन तुकडे जोडणारी शिवण १ नोव्हेंबरची आहे आणि ती अजून उघड दिसते.

पैनगंगा_पार

दस्तनोंदणी यांचे म्हणणे आमच्या राजुऱ्याला अगदी लागू पडते. राजुरा आणि किनवट हे दोन तालुके हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून आले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडला. नकाशा उघडून पाहा, राजुऱ्याहून नांदेडला जाणे म्हणजे काय ते कळेल. चांदा शहर मात्र वर्धा नदी ओलांडली की समोर. शेवटी १९५९ मध्ये तालुका चांदा जिल्ह्यात घेतला. म्हणजे तीन वर्षांच्या आत माझ्या गावाने आदिलाबाद, नांदेड आणि चांदा असे तीन जिल्हे पाहिले, आणि मराठवाड्यातून विदर्भात जाणारा तालुका म्हणून आमची ओळख झाली. आजोबांच्या ट्रंकेत एकाच शेताच्या तीन पावत्या होत्या, एक उर्दूतली, दुसरी नांदेडच्या शिक्क्याची आणि तिसरी चांद्याची.

पूर्वीच्या राजुरा तालुक्यातून निघालेल्या जिवती तालुक्यात सीमेवरची काही गावे अशी आहेत की, तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत आणि लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत. तेथे १ नोव्हेंबरचे काम अजून पुरे व्हायचे आहे.

काजूबाग

चंदगडबद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबले होते. बेळगाव जिल्ह्यातला एवढाच एक तालुका महाराष्ट्रात आला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आम्ही महाराष्ट्रात आलो याचा आनंद आहे, आणि तो आनंद पुरा कसा नाही तेही सांगते. आमचा बाजार बेळगाव. काजू, भात विकायचे तर बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगावला, दवाखाना बेळगावला, मुली दिल्या त्या बेळगाव-खानापूर भागात. कोल्हापूर दूर. शिनोळीच्या पुढे गेले की राज्य बदलते, दुकानांच्या पाट्या बदलतात, माणसे तीच असतात. १ नोव्हेंबरला माझ्या बहिणीचे सासर काळा दिवस पाळते आणि आम्ही पलीकडे आपले नेहमीचे काम करत असतो. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना त्या दिवशी बेळगावची बातमी आठवते, पण 'आपणही त्याच दिवशी महाराष्ट्रात आलो' हे चंदगडमधल्या नव्या मुलांना माहीत नसते. ग्रंथसखा, तुमच्या फलकाची नक्कल आमच्या शाळेत लावायची आहे.

हुतात्मा_चौक

सर्व प्रतिसाद पुन्हा वाचले. कायद्याच्या आणि तालुक्यांच्या बाबतीत येथे आलेली माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. माझा मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही, फक्त अधिक नेमकेपणाने मांडतो. १ नोव्हेंबरची नोंद संदर्भाविना आली, तर पुढच्या पिढीला असे वाटेल की दिल्लीने उदारपणे मराठी भाग एकत्र करून दिले आणि साडेतीन वर्षांनी राज्याचे नाव बदलले. घडले ते तसे नाही. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. काँग्रेसचे सरकार तरले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा येथल्या जागांवर. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या समोर लोकांनी जी शिस्तबद्ध निदर्शने केली, त्यांनी दिल्लीचे मत बदलायला सुरुवात झाली. द्वैभाषिक टिकणार नाही हे यशवंतरावांनी वरिष्ठांच्या गळी उतरवले तेही त्यानंतर. तेव्हा नोंद करायची तर 'द्वैभाषिक' हा शब्द आणि त्याला झालेला विरोध त्यात हवाच.

तेरणाकाठ

हुतात्मा_चौक, मराठवाड्याच्या जागांबद्दल एक स्पष्टीकरण द्यावेसे वाटते. निजामाची राजवट जाऊन तेव्हा नऊ वर्षेही झाली नव्हती. रझाकारांच्या काळात ज्यांच्या हाताखाली माणसे लढली, ते बहुतेक नेते स्टेट काँग्रेसचे होते. स्वामी रामानंद तीर्थ भाषावार रचनेच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, म्हणून तर हैदराबाद राज्याचे त्रिभाजन शक्य झाले. आयोग तर तेलंगणाचे हैदराबाद राज्य वेगळे ठेवून पुढे निर्णय घ्यावा असे म्हणत होता. येथल्या मतदाराने त्या माणसांना मत दिले, त्याचा अर्थ त्याला महाराष्ट्र नको होता असा होत नाही. शिक्षणाचीच गोष्ट घ्या. पदवीच्या परीक्षेसाठी उस्मानिया विद्यापीठाकडे पाहणाऱ्या आमच्या भागाला २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. ते द्वैभाषिकाच्याच काळात मिळाले, आणि माझ्या वडिलांच्या पिढीला ते कधी विसरता आले नाही.

प्रा_देशस्थळ

राज्यशास्त्र शिकवतो म्हणून एक भर घालतो. सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ वे कलम बदलले, त्यात मुंबई राज्यासाठी विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, सौराष्ट्र, कच्छ आणि उर्वरित गुजरात अशी विकास मंडळांची तरतूद होती. आज आपण 'उर्वरित महाराष्ट्र' म्हणतो, तो शब्दप्रयोग घटनेत तेव्हा आला. १९६० नंतर ती तरतूद महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यासाठी ठेवली गेली. प्रत्यक्ष मंडळे स्थापन व्हायला मात्र १९९४ साल उजाडले, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. नागपूर करार, ३७१ वे कलम आणि विकास मंडळे या तिन्ही विषयांवर विद्यार्थी स्वतंत्र टिपा लिहितात, पण त्यांना जोडणारी तारीख विचारली तर ते १ मे १९६० सांगतात. मला या धाग्याचे महत्त्व तेवढ्यासाठी वाटते.

ग्रंथसखा

एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे म्हणणे विचारात घेऊन मी पुढील मजकूर करतो आहे, त्यावर आपले मत द्यावे:

'१ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना कायदा अमलात. विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. हैदराबाद राज्यातून मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे या राज्यात आले, उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून आले. बेळगाव (चंदगड वगळून), विजापूर, धारवाड व कारवार म्हैसूर राज्यात गेले. नागपूरचे राजधानीपद संपले. द्वैभाषिकाविरुद्ध संयुक्त महाराष्ट्र समितीचा लढा चालू राहिला.'

नागनदी

उत्तम. नागपूरच्या वाक्यात 'उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले' एवढे जोडावे.

काजूबाग

कंसातला चंदगड कंसाबाहेर यावा. 'चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला' असे वेगळे वाक्य हवे.

मार्कंडेय

'म्हैसूर राज्यात गेले' हे वाक्य पूर्णविराम देऊन संपवू नये ही विनंती. 'सीमाभागातील मराठी भाषक गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित' असे पुढे लिहावे. वाचणाऱ्याला हा विषय १९५६ मध्येच मिटला असे वाटू नये.

सप्तापूर

मार्कंडेय यांच्या सूचनेला माझी हरकत नाही, ती वस्तुस्थितीच आहे. धारवाड आणि विजापूर हे कन्नड बहुसंख्येचे जिल्हे होते आणि त्यांचे जाणे तेथल्या लोकांच्या इच्छेप्रमाणे झाले, हे अर्धे वाक्यही सोबत यावे. चारही जिल्हे एका दमात लिहिले की सगळेच हिरावून नेले असा समज होतो, आणि तो धारवाडवर अन्याय आहे.

मार्कंडेय

मान्य. विजापूर-धारवाडवर आमचा दावा कधीच नव्हता.

ग्रंथसखा

चारही दुरुस्त्या करतो. फलक लहान आहे, म्हणून राजुरा-किनवट, तीन कूळकायदे आणि ३७१ वे कलम यांचा मजकूर वेगळ्या पानावर टंकलिखित करून वाचनकक्षात लावतो. दस्तनोंदणी, जुन्या बिदर जिल्ह्यातले तीन तालुके आले तेव्हा त्यांची महसुली दप्तरे उस्मानाबादला आली की बिदरलाच राहिली, याविषयी आपल्याला प्रकरणांतून काही माहिती असल्यास अवश्य लिहावे.

दस्तनोंदणी

माझ्या हातात आलेल्या निलंगा तालुक्याच्या दोन प्रकरणांत जुना उतारा बिदरहून मागवावा लागला होता आणि तो मिळालाही. उदगीरचे एक प्रकरण सध्या चालू आहे. त्यात पक्षकाराकडे मुंतखब, म्हणजे निजामकाळातला इनामाच्या हक्काचा दाखला, आहे, पण मूळ नोंदवहीचा पत्ता लागलेला नाही. बिदर आणि हैदराबाद अशा दोन्ही ठिकाणी अर्ज केले आहेत. उत्तर आले की येथेच लिहितो.